झेनचा रंग : गॅरेज निवडण्याच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

गाडी मारुती झेन, २००४ ची, शेवटच्या फेसलिफ्टमधली. एमएच १५, म्हणजे नाशिकची. रंग सिल्की सिल्व्हर, कोड झेड-टू-एस. मालक एकच, अप्पा. इंजिनाची तक्रार नाही. गेल्या वर्षी पेठ रोडच्या आरटीओत फेरनोंदणी करून हरित कर भरलाय, त्यामुळे आरसी २०२९ पर्यंत चालू आहे. म्हणजे गाडी अजून चार वर्षं तरी घरात राहणार, आणि रंगाला पैसे घालायचे की नाही हा वाद तिथेच मिटला. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी आहे, तेव्हा जे काही होईल ते खिशातून.

अंबडच्या आमच्या युनिटमध्ये पावडर कोटिंग चालतं आणि मी क्वालिटीत आहे. साहेबांना विचारून सुट्टीच्या दिवसासाठी डीएफटी मीटर घरी आणलं. हे यंत्र पत्र्यावरच्या रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. आधी उघड्या पत्र्याच्या तुकड्यावर शून्य केलं, मग गाडीभर फिरवलं.

छतावर ६० ते ७०. तिथला क्लिअर, म्हणजे सगळ्यांत वरचा पारदर्शक थर, उन्हाने सोलून गेलाय, हे डोळ्यांनाही दिसतं. बोनेटवर पुढच्या अर्ध्या भागात तेच. उजव्या बाजूचे दोन्ही दरवाजे आणि डावा पुढचा ९५ ते ११०, म्हणजे कंपनी पेंट जसाच्या तसा. ईडी (पत्र्यावरचा पहिला थर), सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमर), बेस (खरा रंग) आणि क्लिअर हे चारही थर मिळून साधारण १०० च्या आसपासच भरतात. डावा मागचा दरवाजा २४०, यावर एकदा रंग चढलाय. आणि डाव्या मागच्या क्वार्टरवर, म्हणजे मागच्या दरवाज्यामागच्या पत्र्यावर, चाकाच्या कमानीशी मीटरने आकडाच दाखवला नाही, रेंजच्या बाहेर. द्वारका सर्कलला एका टेम्पोने तिथे घासलं होतं. तेव्हा ज्याने दुरुस्त केलं त्याने पत्रा ओढून बाहेर न काढता खळग्यात पुट्टी भरून दिली.

गंज: दरवाज्यांच्या खालच्या कडा, डिकीची खालची कड, डावा रनिंग बोर्ड (दरवाज्यांखालची पत्र्याची पट्टी) मागच्या चाकाजवळ. दरवाज्यांच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती मातीने बुजली होती. सुईने मोकळी केली. एका दरवाज्यातून चहाच्या कपभर गढूळ पाणी निघालं, पावसाळा संपून महिना होऊनही.

भाच्याला लाल रंग हवाय. नाही. रंग बदलला की आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, तो वेगळा हेलपाटा. शिवाय रंग बदलायचा तर दरवाज्यांच्या आतल्या कडा, बोनेटची आतली बाजू, डिकीचा तळ सगळंच रंगवायला हवं, नाहीतर दार उघडलं की आतून जुनी गाडी दिसते. सिल्व्हरचा सिल्व्हरच.

९ नोव्हेंबर

दिंडोरी रोडवर एक जण 'फुल बॉडी पेंट, तीन दिवसांत' करून देतो. भाव २२,००० 'सगळं धरून'. सगळं म्हणजे काय, असं विचारलं. घासणार, पुट्टी मारणार, रंग, लॅकर, पॉलिश. दरवाज्यांची हँडलं काढणार का? टेप लावू. काचेची रबरं? टेप लावू. दरवाज्यांवरची बीडिंगची पट्टी? टेप.

शेजारी एक व्हॅन तयार होऊन उभी होती. लांबून छान दिसत होती. जवळ जाऊन रबराची कड बोटाने वर केली तर खाली जुना रंग, आणि नव्या रंगाची धार रबराला चिकटलेली. ही धार पहिली सुटते. तिथून पाणी आत शिरतं आणि वर्षभरात पापुद्रा निघायला लागतो. व्हॅनच्या मागच्या नंबरप्लेटवरही रंगाचे तुषार होते.

जागा उघड्यावर, समोर सिंहस्थाच्या कामासाठी रस्ता उकरलेला. धुळीबद्दल मी काही बोलले नाही, त्यानेच सांगितलं: धूळ बसली तर नंतर पेपर मारून काढतो. काढतो म्हणजे क्लिअरच घासून पातळ करतो. आणि ऊन अडवणारा थर तो एकच. आमचं छत त्याच्याच अभावी असं झालंय.

तो माणूस फसवत नाहीये, हेही लिहून ठेवते. विकायला काढलेल्या गाडीसाठी २२,००० ला जे मिळतं ते तो प्रामाणिकपणे देतो. मला गाडी विकायची नाही.

१५ नोव्हेंबर

कंपनीचं अधिकृत वर्कशॉप. रंग मारायची बंद खोली, म्हणजे बूथ, स्वच्छ, रंग मिसळायची खोली वेगळी, कागद नीट. पॅनेलमागे ३,९०० रुपये, मेटॅलिकचा दर धरून. छत, बोनेट, डिकी, चार दरवाजे, दोन फेंडर, दोन क्वार्टर, दोन बंपर असे १३ पॅनेल. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ५९,८२६.

सल्लागार मुलगा सरळ होता. म्हणाला, "मॅडम, गंज आम्ही रिपेअर करत नाही, पॅनेल बदलतो." या गाडीचं पॅनेल मिळेल का? तो हसला. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने उठवल्यापासून तर जुना दरवाजाही सहज मिळत नाही. त्यांची पद्धत अपघाताच्या कामासाठी बसवलेली आहे: इन्शुरन्सचा सर्व्हेअर येतो, पॅनेल मंजूर होतं, बदलतं, रंगतं. बावीस वर्षांकडे निघालेल्या, गंजलेल्या पण धडक न बसलेल्या गाडीला त्यांच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. यात त्यांची चूक काही नाही.

दोन गोष्टी मात्र शिकून आले. एक, बूथमध्ये ते पत्र्याचं तापमान ६० अंशांवर अर्धा तास ठेवतात. हवेचं नव्हे, पत्र्याचं. दोन, मेटॅलिकला ते शेजारच्या पॅनेलवर रंग विरवत नेतात, कारण सिल्व्हर कधीच तंतोतंत जुळत नाही.

१८ नोव्हेंबर

आजची भेट सगळ्यांत कामाची, आणि ती गॅरेजची नव्हती. मुंबई नाक्याजवळ गाड्यांचे रंग मिसळून देणारं दुकान आहे. शहरातले निम्मे पेंटर तिथून माल नेत असणार.

काउंटरवरच्या काकांना कोड सांगितला. त्यांनी कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं तर त्याच कोडखाली एकाहून जास्त फॉर्म्युले. एक जरा निळसर, एक दाणेदार, एक काळपट. कारखान्यात वर्षानुवर्षं रंग भरताना छटा थोडी सरकते, म्हणून रंग कंपन्या त्या छटा वेगळ्या नोंदवतात. कोडवर विसंबून डबा आणला की पहिला डाव हुकतो. शेड कार्ड गाडीवर धरून, सावलीत आणि उन्हात, समोरून आणि तिरकं बघायचं. सिल्व्हरमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते पत्र्यावर आडवे पडले की रंग उजळ दिसतो, तिरके राहिले की गडद. म्हणजे एकाच डब्यातला रंग, एकाने ओला मारला आणि दुसऱ्याने कोरडा, तर दोन रंगांच्या दोन गाड्या तयार होतात.

मग मुद्द्याचं विचारलं. कुठलं गॅरेज चांगलं, असं नाही. त्यावर दुकानदार सगळ्यांनाच चांगलं म्हणणार. विचारलं, "काका, तुमच्याकडून इपॉक्सी प्रायमर कोण कोण नेतं?"

काका थांबले. म्हणाले, रंग आणि क्लिअर सगळेच नेतात, स्वस्त किंवा महाग. इपॉक्सी नेणारे हाताच्या बोटांवर. क्लिअर कडक करणारं हार्डनर त्यासोबत मापून नेणारे त्याहून कमी. बरेच जण हार्डनर वाचवतात आणि थिनर वाढवतात. रंग त्या दिवशी चमकतो, वर्षाने मरतो. त्यांनी दोन पत्ते दिले. एक वडाळा नाक्याचा, एक अंबडचा. कागदावर लिहून दिले, तोंडाने नाव घेतलं नाही. धंदा सगळ्यांशीच करायचाय त्यांना.

इपॉक्सीचा आग्रह का, ते लिहून ठेवते, नाहीतर अप्पा विचारतील. कारखान्यात उघड्या पत्र्यावर आधी फॉस्फेट आणि मग ईडीचा थर विजेच्या प्रवाहाने बसतो, तो खाचाखोचांतही जातो. गंज काढताना आपण तो थर कायमचा घालवतो. आमच्या प्लँटमध्ये एक साधा ब्रॅकेटसुद्धा सात टाक्यांमधून धुऊन, फॉस्फेट होऊन मग पावडरच्या बंदुकीसमोर येतो, आणि टाकीचा पीएच बिघडला तर ती बॅच पुढे जात नाही. गॅरेजमध्ये टाक्या नसतात. उघड्या पत्र्याला हवेपासून आणि पाण्यापासून तोडणारं त्यांच्याकडे इपॉक्सी प्रायमर हेच एक आहे. त्याशिवाय थेट पुट्टी लावली तर गंज खालून चालू राहतो.

२३ नोव्हेंबर

वडाळा नाका. पत्र्याची शेड, आत तीन गाड्या, एक अँबेसेडर पूर्ण सोललेली. मालक चाचा, साठीच्या पुढचे. सोबत मुलगा आणि दोन पोरं.

त्यांनी झेनभोवती फेरी मारली आणि काही न विचारता डाव्या क्वार्टरवर मडकं ठोकून बघतात तसं बोटाच्या पेराने वाजवलं. "इथे पुट्टी खूप आहे. काढावी लागेल." मीटर त्यानंतर बाहेर काढलं. चाचांना ते आवडलं. शेडमधल्या सगळ्या गाड्यांवर त्यांनी ते लावून बघितलं आणि एका गाडीवर ४०० च्या वर आकडा आल्यावर मुलाकडे नुसतं पाहिलं.

इथे मला हवा असलेला प्रश्न त्यांनीच सोडवला. दोन वर्षांपूर्वी रंगवलेली एखादी गाडी बघायला मिळेल का, असं विचारणार होते. शेडमधून ताजी बाहेर पडलेली गाडी कुणाचीही चमकते, तिच्यावरून काही कळत नाही. चाचांनी गल्लीतल्या एका रिक्षावाल्याची जुनी ८०० बोलावून घेतली, २०२२ मध्ये रंगवलेली. रोज उन्हात उभी असणारी गाडी. दरवाज्यांच्या खालच्या कडा तपासल्या, रबर वर करून पाहिलं, चाकाच्या कमानीच्या आत बोट फिरवलं. रंग कडेवरून आत वळलेला होता. जाडी १८० ते २२०, सगळीकडे जवळपास सारखी. छतावर धुळीचे दाणे मात्र होते, क्लिअरमध्ये अडकलेले. बऱ्यापैकी.

ही धूळ हाच इथला कच्चा दुवा. बूथ नाही. जमिनीवर पाणी मारतात, प्लास्टिकचा तंबू करतात, पहाटे रंग मारतात. डिसेंबरात नाशिकची पहाट म्हणजे थंडी, निफाडकडे तर पारा राज्यात सगळ्यांत खाली जातो. थंडीत क्लिअर सावकाश सुकतो आणि सुकेपर्यंत धूळ धरत राहतो. फास्ट हार्डनर वापरला तर लवकर धरतो पण पृष्ठभाग नीट पसरत नाही, खरबरीत राहतो. चाचांना हे सगळं माहीत आहे. ते म्हणाले फेब्रुवारीच्या शेवटी आणा.

पुट्टीबद्दल त्यांनी एक गोष्ट दाखवली. शेडमधलं पोर पुट्टी कोरडी घासत होतं, तोंडाला फडकं बांधून. रस्त्यावरच्या बहुतेक ठिकाणी पाणी लावून वॉटर पेपरने घासतात, धूळ उडत नाही म्हणून. "पुट्टीला पाणी नाही लावायचं बेटा. पिते ती. मग वर रंग मारला की आतून फोड येतो." प्रायमर झाल्यावर, वरच्या घासाईला पाणी चालतं, उघड्या पुट्टीला नाही. हे बरोबर आहे. पॉलिएस्टर पुट्टी ओल धरते.

भाव: मजुरी २४,०००, माल बिलाप्रमाणे, अंदाजे १४,०००.

३० नोव्हेंबर

अंबडचा दुसरा पत्ता. तरुण मालक, दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून बूथ टाकलेला, डिझेल बर्नरचा. जमिनीवर इपॉक्सी फ्लोअरिंग, हवेच्या लाइनला ड्रायर आणि फिल्टर. कॉम्प्रेसरचं पाणी गाळलं नाही तर रंगात डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात, आणि ते गाळणारं हे मी बघितलेलं पहिलं ठिकाण.

रंग मारणाऱ्याच्या तोंडावर कार्ट्रिज मास्क होता. याला मी गुण देते. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसात गेलं की दमा लागू शकतो, आणि रुमालाने ते अडत नाही. आमच्याकडे सेफ्टी ऑडिटला यावरच अर्धा दिवस जातो. चाचांच्या शेडमध्ये मास्क खुंटीला टांगलेला होता, वापरातला वाटला नाही.

भाव ५६,००० अधिक जीएसटी. पण डेंटिंग बाहेरून माणूस बोलावून करतात, आणि तो माणूस कोण हे ठरलेलं नसतं. गंजाबद्दल विचारलं तर "करून घेऊ." कसं? "वेल्डिंगवाला येतो ना." बूथ उत्तम, बूथमध्ये शिरण्याआधीचं काम मोघम. हा भाग बघून मला आमच्या एका जुन्या व्हेंडरची आठवण झाली: ओव्हन नवा कोरा, आणि धुण्याच्या टाकीतलं पाणी कधी बदललं ते कुणालाच ठाऊक नाही.

६ डिसेंबर

अप्पांनी विचारलं, साठ आणि बावीस यांत एवढा फरक कसला. त्यांना सांगताना माझंही डोकं स्वच्छ झालं. सगळ्यांनी वेगवेगळ्या कामाचे भाव दिलेत. एकाने टेप लावण्याचा, एकाने पॅनेल बदलण्याचा, एकाने पुट्टी उकरून काढण्याचा, एकाने बूथच्या भाड्याचा. रंगाचा आणि क्लिअरचा खर्च चौघांचाही फार लांब नाही. फरक आहे तो खोलण्या-लावण्याच्या मजुरीत आणि घासायच्या तासांत.

म्हणून एक पान लिहिलं आणि चौघांना व्हॉट्सअॅपवर तेच पाठवलं. दिवे, हँडलं, बीडिंग, काचेची बाहेरची रबरं, बंपर, आरसे, वायपर काढायचे. नंबरप्लेट काढायची नाही, ती हाय सिक्युरिटी आहे, तिचं स्नॅप लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही. ज्या पट्टीवर ती बसवली आहे त्या पट्टीसकट बंपरवरून सोडवायची. छत आणि बोनेटवरचा सुटलेला क्लिअर पूर्ण घासून काढायचा, त्यावर रंग चढवायचा नाही. डाव्या क्वार्टरची जुनी पुट्टी पत्र्यापर्यंत उतरवायची. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी. बंपरला प्लास्टिक प्रायमर. सगळी गाडी एकाच बॅचच्या रंगाने. माझ्यासाठी थांबायचे टप्पे दोन: पत्रा उघडा असताना, आणि प्रायमर झाल्यावर.

पान वाचून काय म्हणतात तेही उत्तरच आहे.

९ डिसेंबर

दिंडोरी रोडवाल्याने फोन करून सांगितलं, "ताई, एवढं आपल्याकडे होत नाही, तुमचा वेळ नको जायला." त्याच्याबद्दल आदर वाढला.

वर्कशॉपचं उत्तर: गंजाचं काम वगळून आधीचाच भाव कायम.

अंबडवाला ५६ वरून ७१ वर गेला, डेंटिंगसाठी 'अॅक्च्युअल' वेगळं, म्हणजे जो खर्च येईल तो. अॅक्च्युअल या शब्दावर सही करायची माझी तयारी नाही.

चाचांच्या मुलाने पानाचा फोटो परत पाठवला, पेनाने खुणा करून. एका ओळीवर काट मारलेली: काचेची मागची रबरं काढणार नाही, वीस वर्षांचं रबर काढताना फाटेल आणि नवं मिळेलच असं नाही, त्याऐवजी रबराखाली दोरी घालून कड उचलतो आणि रंग आत जाऊ देतो. पुढची काढतो. आणखी एक ओळ त्याने स्वतः वाढवली: दरवाज्यांच्या आत, तळाला, रंग झाल्यावर कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण. मी ते लिहायचंच विसरले असते असं नाही, पण लिहिलं नव्हतं. मजुरी २४ वरून २८,०००. माल अंदाजे १५,०००.

ज्याने काट मारली आणि कारण दिलं, त्याच्याकडे गाडी द्यावी असं मन म्हणायला लागलंय. बाकी तिघांनी एकतर सगळ्याला हो म्हटलं किंवा सगळ्याला नाही.

१३ डिसेंबर

उरली धूळ. वडाळा नाक्याला पुन्हा गेले आणि सरळ विचारलं: पत्र्याचं, पुट्टीचं, प्रायमरचं काम तुमच्या शेडमध्ये, आणि शेवटचा बेस व क्लिअर भाड्याच्या बूथमध्ये, जमेल का? चाचा गप्प. मुलगा म्हणाला, करतात लोक, अंबडला तासाच्या हिशोबाने बूथ मिळतो.

माझी भीती वेगळी होती. दोन ठिकाणी काम गेलं की नंतर पापुद्रा सुटल्यावर एक म्हणणार प्रायमर खराब, दुसरा म्हणणार रंग खराब. हे आम्ही रोज व्हेंडरांशी भांडतो. ते बोलून दाखवलं तर चाचा म्हणाले, "बंदूक माझ्या मुलाच्या हातात, माल माझा. बूथ म्हणजे भाड्याची खोली. रंग सुटला तर माझ्या दारात ये."

गंमत म्हणजे भाड्याचा बूथ त्याच तरुण मालकाचा निघाला. त्याला फोन केला. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण रिकाम्या बूथपेक्षा भाड्याचा बरा, असा त्याचा हिशोब. भाडं ३,५००, डिझेलसकट.

एकूण अंदाज ४६,५००. जीएसटीचं बिल फक्त मालाचं. मजुरीची पावती साध्या पुस्तकातली, पण त्यावर कामाची यादी जशीच्या तशी लिहून घेतली. आगाऊ १०,००० दिले. पुढचे पैसे दिवसांवर न ठरवता टप्प्यांवर ठरवले: उघडा पत्रा बघून १२,०००, प्रायमर बघून १०,०००, बाकी गाडी घेताना. चाचांनी या वाटपावर एकही शब्द काढला नाही. अंबडच्या मालकाने मात्र सुरुवातीलाच ७० टक्के मागितले होते.

बूथमध्ये बेक होणार म्हणून फेब्रुवारीपर्यंत थांबायचं कारण उरलं नाही.

२७ डिसेंबर

पहिला टप्पा. गाडी सांगाडा झालीय, सगळे सुटे भाग नावं लिहिलेल्या पिशव्यांत. डाव्या क्वार्टरची पुट्टी उतरवल्यावर खाली खळगा, तळहाताएवढा, आणि त्याच्या खालच्या कडेला आरपार भोक. पत्रा स्टड वेल्डरने (पत्र्याला खिळा चिकटवून ओढायचं यंत्र) ओढून बाहेर काढलाय, भोकाची जागा कापून नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने बसवलाय. गॅसने केलं असतं तर आजूबाजूचा पत्रा तापून वाकला असता. वेल्डच्या आतल्या बाजूलाही इपॉक्सी मारणार का? मुलाने आरसा धरून दाखवलं, मारलंय.

रनिंग बोर्ड अपेक्षेपेक्षा वाईट. आणखी २,५०० मजुरी. फोटो आधी पाठवला, मी हो म्हटल्यावर कापलं. १२,००० दिले.

प्लँटमधून आणलेले दोन टेस्ट पॅनेल चाचांना दिले, उघड्या पत्र्याचे. म्हटलं, गाडीला जे जे माराल ते यांनाही मारा. गाडीवर क्रॉस कट टेस्ट (रंगात चौकटी कापून टेप ओढायची) करता येत नाही, यांच्यावर येईल.

१० जानेवारी २०२६

दुसरा टप्पा. सरफेसर झालाय, वर काळ्या पावडरीचा गाइड कोट मारून लांब ठोकळ्याने घासलंय. जिथे काळं उरतं तिथे खळगा. डाव्या क्वार्टरवर मीटर आता ४१०. पुट्टी आहे, पण मीटरच्या रेंजमध्ये आली. बाकी सगळीकडे १४० ते १९०.

रंगाच्या तीन छटांचे कार्ड स्प्रे करून आणले होते, क्लिअरसकट, कारण बिना क्लिअरचं सिल्व्हर वेगळंच दिसतं. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूशी लावून उन्हात बघितलं. तिथे ऊन न लागलेला मूळ रंग शिल्लक असतो. दाणेदारवाला जुळला. १०,००० दिले.

१८ जानेवारी

बूथ. दरवाजे गाडीला बसवूनच रंगवले, सुटे आडवे टाकून नाही. कण एकाच दिशेने बसावेत म्हणून. बंपर सुटे, पण उभे टांगून. बेसचे दोन हात आणि शेवटी लांबून एक हलका, छटा सारखी करायला. मग क्लिअर दोन हात. मुलाने आज मास्क घातला होता. बूथच्या मालकाचा नियम आहे, त्याशिवाय आत सोडत नाही.

बर्नर लावून बाहेर चहा प्यायलो. चाचा बूथच्या काचेला नाक लावून होते. ही जागा त्यांना आवडली आहे, हे ते मान्य करणार नाहीत.

३१ जानेवारी

गाडी घरी. छत १९०, बोनेट १८५ ते २०५, दरवाजे २१० च्या आसपास, डावा क्वार्टर ५२०. धुळीचा दाणा उजव्या फेंडरवर एक, छतावर दोन. पॉलिश करून काढू का, असं विचारलं होतं. नको म्हटलं, क्लिअर शाबूत राहू दे. दरवाज्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्सचा वास अजून येतोय. मागच्या काचेच्या रबराखाली बघितलं, रंग आत गेलेला आहे.

टेस्ट पॅनेलवर क्रॉस कट केला, टेप ओढली. चौकटींच्या कडाही सुटल्या नाहीत. एक पॅनेल प्लँटच्या सॉल्ट स्प्रेच्या, म्हणजे मिठाचं पाणी फवारून गंज तपासायच्या, यंत्रात जागा मिळाली की टाकणार, दुसरं चाचांना परत दिलं; त्यांनी ते शेडच्या भिंतीला खिळ्याने लावलंय.

शेवटचा हिशोब: मजुरी ३०,५००, माल १६,२४०, बूथ ३,५००. एकूण ५०,२४०. मालाचा अंदाज थोडा चुकला, क्लिअरचा एक जादा डबा लागला.

बाकी कामं: डाव्या आरशाचा स्क्रू सैल, मागच्या बंपरची एक क्लिप तुटली आहे ती मुलगा आणून लावणार. महिनाभर वॅक्स किंवा पॉलिश नाही, झाडाखाली गाडी नाही, धुवायची ती साध्या पाण्याने. बीडिंग जुनंच परत लावायचं की नाही, यावर अप्पा आणि माझं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात लावायचं. मी म्हणते बीडिंगमागेच गंज धरतो. तूर्तास ते डिकीत आहे.